स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल आणि ॲसिडिटीची गोळी: काय बदलायचं आणि काय अजिबात थांबवायचं नाही

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६८ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. तेव्हापासून ॲस्पिरिन ७५ आणि क्लोपिडोग्रेल ७५ चालू आहे. जळजळ होते म्हणून दुसऱ्या एका डॉक्टरांनी ओमेप्राझोल २० सुरू केली, ती त्यांनी दोन महिने घेतली. मग कुणीतरी सांगितलं की ही गोळी हृदयाच्या गोळीला निकामी करते, म्हणून त्यांनी ती स्वतःच बंद केली. आता जळजळ आधीपेक्षा वाढली आहे आणि ते म्हणतात, 'ही क्लोपिडोग्रेलच पोट जाळतेय, चार दिवस तीच थांबवून बघू.' तुम्ही विचारलंय की ओमेप्राझोल खरंच धोक्याची आहे का, आणि एक सकाळी, एक रात्री अशी विभागून घेतली तर चालेल का.

तातडीचं आधी. क्लोपिडोग्रेल थांबवू नका. चार दिवस नाही, एक दिवस 'बघू' म्हणूनही नाही. स्टेंटच्या धातूवर आतून पेशींचा थर चढायला वेळ लागतो. तोवर तिथे गुठळी धरू नये म्हणून या दोन गोळ्या असतात. स्टेंटमध्ये गुठळी होणं क्वचित घडतं, पण घडलं तर थेट मोठा हार्ट अटॅक येतो. गोळ्या मधेच सोडणं हे त्याचं एक ठळक कारण आहे. ही गोळी कधी आणि कशी बंद करायची हे ज्यांनी स्टेंट बसवला त्या कार्डिओलॉजिस्टनीच ठरवावं. पोटाच्या डॉक्टरांनी नाही, दाताच्या डॉक्टरांनी नाही, आणि मीही इथे बसून नाही.

दुसरी तातडीची गोष्ट म्हणजे ही जळजळ नक्की पोटाचीच आहे ना? जेवल्यावर, आडवं पडल्यावर, वाकल्यावर वाढते आणि करपट ढेकर येतात, तर बहुधा पोटाची. पण जिना चढताना किंवा भरभर चालताना येत असेल, थांबलं की कमी होत असेल, सोबत घाम, दम, जबड्यात किंवा हातात कळ असेल, तर ॲसिडिटीचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी ईसीजी काढा. ॲसिडिटी समजून घरी थांबलेले हार्ट अटॅक आम्ही नेहमी पाहतो, आणि आधी स्टेंट बसलेल्या माणसाच्या बाबतीत हा धोका पत्करूच नये. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होत असेल किंवा चालताना गरगरत असेल, तर तो रक्तस्राव असू शकतो. तेव्हाही घरी वाट पाहत थांबायचं नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौचाला काळी होते, पण ती अशी चिकट नसते.

आता मूळ मुद्दा. बहुतेक घरांत हा प्रश्न 'पोट सांभाळायचं की हृदय' असा विचारला जातो, आणि तिथेच गाडी चुकते. या वयात दोन अँटिप्लेटलेट (रक्ताची गुठळी रोखणाऱ्या) गोळ्या एकत्र घेणाऱ्या माणसाला पोटाचं संरक्षण बहुतेक वेळा लागतंच. खरा प्रश्न एवढाच की त्यासाठी कोणतं औषध निवडायचं. त्याचं उत्तर तुलनेनं सोपं आहे. ते उत्तर असं का, हे कळलं तर वडिलांना समजावणंही सोपं जाईल, म्हणून थोडं खोलात जातो.

क्लोपिडोग्रेल गोळीत असते त्या रूपात काहीच काम करत नाही. ती यकृतात गेल्यावर दोन टप्प्यांत बदलते आणि मग तिचं क्रियाशील रूप तयार होतं. तेच प्लेटलेटच्या, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशीच्या, पी२वाय१२ या जागेला जाऊन कायमचं चिकटतं. ती प्लेटलेट जगते तोवर, म्हणजे सात ते दहा दिवस, निष्क्रिय राहते. गंमत अशी की शोषल्या गेलेल्या क्लोपिडोग्रेलपैकी सुमारे ८५ टक्के भाग दुसऱ्याच वाटेने वाया जातो आणि जेमतेम १५ टक्के या कामाला उरतो. त्या १५ टक्क्यांचं रूपांतर करण्यात सीवायपी२सी१९ नावाच्या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. ओमेप्राझोल नेमकी याच एन्झाइमला अडवते. आधीच थोडं औषध कामी येतं, त्यातही कपात होते, अशी ही भीती आहे. ती हवेतली नाही.

वेळा विभागून घेण्याचा उपाय याच कारणाने फसतो. लोकांना वाटतं की एकाच खिडकीवर दोन औषधांची गर्दी होते, म्हणून एकाने सकाळी यावं, दुसऱ्याने रात्री. ओमेप्राझोल रांगेत उभी राहत नाही, ती खिडकीच बंद करून जाते. तिचं स्वतःचं रक्तातलं प्रमाण तासा-दोन तासांत उतरतं, पण निकामी झालेलं एन्झाइम नव्याने तयार व्हायला वेळ लागतो. दोन्ही औषधं एकदम देऊन आणि १२ तासांच्या अंतराने देऊन मोजमाप झालं आहे. दोन्ही वेळा क्लोपिडोग्रेलचं क्रियाशील रूप जवळपास सारखंच, चाळीस टक्क्यांहून जास्त घटलं. हे प्रयोग ८० मिलिग्रॅम ओमेप्राझोलवर झाले होते, म्हणजे वडिलांच्या डोसच्या चौपट. २० मिलिग्रॅमने तेवढी घट व्हावी असं नाही, पण दिशा तीच. तर सकाळ-रात्रीच्या खटाटोपात पडू नका, त्याने काही साधत नाही.

मग एवढं असूनही डॉक्टर ओमेप्राझोल लिहितात कसे? कारण प्रयोगशाळेत प्लेटलेट कमी दबल्या म्हणून माणसाला प्रत्यक्षात जास्त अटॅक येतातच असं नाही, आणि इथे पुरावा दोन्हीकडे झुकलेला आहे. २००९ मध्ये जुन्या नोंदी तपासणाऱ्या काही अभ्यासांत ही जोडी घेणाऱ्यांना जास्त अटॅक आल्याचं दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ही जोडी टाळण्याचा इशारा दिला. पुढच्या वर्षी कोजेंट ही चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडले होते: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल सगळ्यांनाच, ओमेप्राझोल २० मात्र निम्म्यांना, उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. सुमारे ३,७०० रुग्णांत हृदयाच्या घटना दोन्ही गटांत जवळपास सारख्या निघाल्या: ओमेप्राझोल गटात ४.९ टक्के, दुसऱ्यात ५.७ टक्के. पोटाच्या गंभीर तक्रारी आणि रक्तस्राव मात्र २.९ टक्क्यांवरून १.१ टक्क्यावर आले.

इथे काही जण टाळी वाजवून विषय संपवतात. मी संपवत नाही. कोजेंटला पैसा पुरवणारी कंपनी अडचणीत आल्याने ती चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. हृदयाच्या घटना मोजक्याच झाल्या, त्यामुळे छोटासा तोटा असेलच तर तो तिच्यातून सुटू शकतो. उलट बाजूच्या अभ्यासांतही मोठी फट आहे. ॲसिडिटीची गोळी कुणाला दिली जाते? जास्त वयाच्या, जास्त आजारी, जास्त औषधं घेणाऱ्या माणसाला. त्याला अटॅकही जास्त येणारच, गोळीचा दोष असो वा नसो. क्लोपिडोग्रेलच्याच कामाची टिकाग्रेलॉर नावाची दुसरी गोळी आहे. तिला त्या एन्झाइमची गरजच नाही, तरीही टिकाग्रेलॉरच्या मोठ्या चाचणीत ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांना हृदयाचे त्रास जास्त झालेले दिसले. म्हणजे नोंदींमध्ये दिसणारा फरक बराचसा माणसांमधला फरक आहे.

माझं स्वतःचं गणित साधं आहे. रक्तातला परिणाम खरा आहे, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालेलं नाही, आणि तेच काम करणारी पर्यायी गोळी सहज मिळते. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा मी गोळी बदलतो. वर्षभर ही जोडी घेऊनही ठणठणीत असलेला रुग्ण आला तर त्याला घाबरवत नाही. 'आजपासून ही नको, ही घ्या' एवढंच सांगतो.

ही बदलीची गोळी म्हणजे बहुतेक वेळा पँटोप्राझोल ४०, दिवसातून एकदा, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. ती त्याच वर्गातली आहे, आम्ल तितक्याच जोमाने दाबते, पण सीवायपी२सी१९ला फारशी अडवत नाही. क्लोपिडोग्रेलसोबत तिचा दुप्पट डोस देऊन पाहिलं तेव्हाही क्रियाशील रूपातली घट ओमेप्राझोलच्या मानाने बरीच कमी होती. रॅबेप्राझोल आणि लॅन्सोप्राझोलही सहसा चालतात. नाश्त्याआधी का, तर पोटातले आम्ल तयार करणारे पंप जेवणाच्या चाहुलीने जागे होतात आणि ही औषधं जाग्या पंपालाच बंद पाडतात. जेवून झाल्यावर किंवा झोपताना आठवलं म्हणून घेतली की 'ही गोळी मला लागूच पडत नाही' ही तक्रार येते. क्लोपिडोग्रेल मात्र कोणत्याही वेळी चालते, फक्त रोज त्याच वेळी घ्यावी.

नाव बदलताना एक फसवी जागा आहे: एसोमेप्राझोल. ती ओमेप्राझोलचाच एक भाग आहे आणि त्या एन्झाइमला तितकीच अडवते. ओमेप्राझोल बंद करून एसोमेप्राझोल सुरू केली तर काहीच बदललं नाही. आणि नावावर जाऊ नका, पट्टीवर मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात ते वाचा. माझ्याकडे स्टेंट बसवलेल्या एक बाई आल्या होत्या. पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडल्या. पँटोप्राझोल होतीच, म्हणजे सगळं ठीक दिसत होतं. शेवटी एक कॅप्सूल निघाली, 'ही गुडघ्याची आहे, हृदयाची नाही' म्हणून त्या ती बाजूला ठेवत होत्या. मागे वाचलं तर नॅप्रोक्सेन आणि एसोमेप्राझोल, दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये. पोटाला रक्तस्रावाकडे ढकलणारं वेदनाशामक आणि क्लोपिडोग्रेलला अडवणारी गोळी, दोन्ही एका घोटात. हिमोग्लोबिन तपासलं तर दोन अंकांच्या खाली उतरलेलं होतं. ती कॅप्सूल बंद केली, गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि लावायचं मलम दिलं. वडिलांच्याही पट्ट्या अशाच एकदा सगळ्या मांडा, 'हृदयाच्या नसलेल्या' सुद्धा.

वेदनाशामकांचं निघालंच आहे तर आयब्युप्रोफेनबद्दल वेगळं सांगतो. ती नुसती पोट बिघडवत नाही. ॲस्पिरिनला प्लेटलेटवर जिथे बसायचं असतं तिथे आधी जाऊन बसते आणि ॲस्पिरिनचं काम अडवते. ॲसिडिटीच्या गोळीची एवढी चर्चा करणारी घरं अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन बिनधास्त घेतात.

फॅमोटिडिन, म्हणजे आम्ल कमी करणारी दुसऱ्या वर्गातली गोळी, घेतली तर? क्लोपिडोग्रेलशी तिचं भांडण नाही. सौम्य तक्रार असेल आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर मी ती देतो. पण रोज घेतल्यावर काही आठवड्यांत तिचा जोर ओसरतो, अल्सरपासून संरक्षण पँटोप्राझोलइतकं मिळत नाही, आणि किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. त्याच कुळातली सिमेटिडिन मात्र टाळावी, ती याच एन्झाइमला अडवते. व्होनोप्राझान हे नवं औषध आम्ल छान दाबतं, पण क्लोपिडोग्रेलसोबत मी ते अजून टाळतो; त्यानेही या एन्झाइमला अडथळा होऊ शकतो. पातळ अँटासिड अधूनमधून घेतलं तर हरकत नाही, फक्त गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा.

इथे तुमच्या मनात येईल की क्लोपिडोग्रेलच बदलून टाकली तर? टिकाग्रेलॉर आणि प्रासुग्रेल या दोघींना या एन्झाइमची अडचण नाही, हे खरं. पण दोन्ही जास्त जोरकस आहेत, त्यामुळे रक्तस्रावही जास्त होतो. टिकाग्रेलॉर दिवसातून दोनदा घ्यावी लागते आणि काहींना तिने दम लागल्यासारखं होतं. पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत. फक्त ॲसिडिटीसाठी हा बदल करणं म्हणजे छोट्या अडचणीसाठी मोठी अडचण ओढवून घेणं. काही लोकांच्या जनुकांतच हे एन्झाइम अशक्त असतं, आशियाई लोकांत असे जास्त. त्यांना ओमेप्राझोल नसतानाही क्लोपिडोग्रेल कमी लागू पडते. क्लोपिडोग्रेल नियमित घेऊनही स्टेंटमध्ये गुठळी झाली असेल तर जनुक चाचणीचा विचार होतो. सरसकट सगळ्यांची करण्याची गरज मला वाटत नाही.

आता वडिलांचं म्हणणं, की क्लोपिडोग्रेलच पोट जाळते. त्यात थोडं तथ्य आहे, पण आत्ताच्या वाढलेल्या जळजळीचं कारण बहुधा वेगळं आहे. दोन महिने आम्ल दाबून ठेवणारी गोळी एकदम सोडली की पोट उसळी मारतं आणि काही आठवडे आधीपेक्षा जास्त आम्ल तयार करतं. त्यांनी थांबवली एक गोळी आणि दोष दिला दुसरीला.

पोटाला खरी इजा करते ती ॲस्पिरिन. पोटाच्या अस्तराला जपणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं ती कमी करते, तीही रक्तातून. म्हणून 'कोटिंगवाली ॲस्पिरिन आहे, पोटाला काही होत नाही' हे समाधान फसवं आहे. कोटिंगने जळजळ थोडी कमी वाटेल, रक्तस्राव टळत नाही. क्लोपिडोग्रेल नवी जखम फारशी करत नाही, पण झालेली भरू देत नाही. २००५ चा एक अभ्यास मला इथे नेहमी आठवतो. ॲस्पिरिनमुळे अल्सरमधून रक्तस्राव होऊन बरे झालेले रुग्ण होते. एका गटाला ॲस्पिरिन सोडवून नुसती क्लोपिडोग्रेल दिली, दुसऱ्याला ॲस्पिरिनच ठेवून सोबत एसोमेप्राझोल दिली. वर्षभरात पुन्हा रक्तस्राव झाला तो क्लोपिडोग्रेल गटात ८.६ टक्के लोकांना, ॲस्पिरिन गटात ०.७ टक्के. पोटासाठी 'सौम्य' गोळी निवडण्यापेक्षा संरक्षण देणारी गोळी सोबत असणं किती जास्त महत्त्वाचं, ते यात दिसतं. आणि स्टेंटवाल्याला पोटातून रक्तस्राव झाला तर तो नुसता पोटाचा प्रश्न राहत नाही. हिमोग्लोबिन पडतं, रक्तदाब पडतो, आणि नाइलाजाने याच दोन गोळ्या थांबवायची वेळ येते, नेमकी नको त्या काळात.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन चालू, ओमेप्राझोलच्या जागी डॉक्टरांना विचारून पँटोप्राझोल, नाश्त्याआधी, आणि आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेनसारखी वेदनाशामकं बंद.

काही गोष्टी मात्र परिस्थितीनुसार बदलतात आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पूर्वी अल्सर किंवा रक्तस्राव झाला होता का, रक्त पातळ करणारं तिसरं औषध किंवा स्टेरॉइड चालू आहे का, हे डॉक्टरांना सांगा. यातलं काही असेल तर पोटाची गोळी थांबवण्याचा विषयच नको. फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन किंवा बुरशीवरची फ्लुकोनाझोल चालू असेल तर तीही याच एन्झाइमला अडवते. मधुमेहासाठी रेपाग्लिनाइड घेत असतील तर गोष्ट उलटी आहे: क्लोपिडोग्रेलमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

पूर्वी अल्सर झाला असेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्या. तो मिळाला आणि औषधाने गेला तर अल्सरचा धोका बराच उतरतो. यात एक अडचण आहे. श्वासाची किंवा शौचाची तपासणी बिनचूक येण्यासाठी पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही 'नाही' असा निकाल येऊ शकतो. दोन अँटिप्लेटलेट चालू असताना पोट एवढे दिवस उघडं टाकणं मला पटत नाही. म्हणून मधल्या काळात फॅमोटिडिन द्यावी, की तपासणी पुढे ढकलावी, हे डॉक्टर रुग्ण पाहून ठरवतात. वडिलांनी ओमेप्राझोल आधीच बंद केली आहे. दोन आठवडे होत आले असतील तर गोळी सुरू करण्याआधी ही तपासणी उरकता येईल का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा.

पँटोप्राझोल किती दिवस घ्यायची, हेही लोक विचारतात. दोन गोळ्या चालू आहेत तोवर तरी घ्यायचीच. स्टेंट हार्ट अटॅकनंतर बसवला असेल तर हा काळ सहसा वर्षभराचा, साध्या अँजायनासाठी (श्रमाने छातीत दुखण्यासाठी) असेल तर बऱ्याचदा सहा महिन्यांचा. नंतर एकच गोळी उरली की पुन्हा विचार करतात, आणि थांबवायचं ठरलं तर हळूहळू. लांबच्या दुष्परिणामांची भीती असेल तर एक आकडा सांगतो. सुमारे १७,६०० रुग्णांवर तीन वर्षं पँटोप्राझोलची तुलना दिखाऊ गोळीशी झाली, तेव्हा आतड्याचे संसर्ग १ टक्क्यावरून १.४ टक्क्यांवर गेले, आणि ठामपणे वाढलेलं असं तेवढंच सापडलं. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी१२ आणि मॅग्नेशियम मात्र मी अधूनमधून तपासतो.

पँटोप्राझोल नीट वेळेवर घेऊन दोन ते चार आठवड्यांत फरक पडला नाही तर डोस वाढवत बसू नका. एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून पोटाची तपासणी) करावी का ते विचारा. त्या वेळी फोनवर कुणीतरी सांगेल, 'येण्याआधी पाच दिवस रक्ताच्या गोळ्या बंद करा.' नुसतं आत पाहायचं असेल किंवा छोटा तुकडा तपासणीला घ्यायचा असेल, तर दोन्ही गोळ्या चालू ठेवूनच एंडोस्कोपी करतात. चार महिन्यांपूर्वी स्टेंट बसला आहे हे तपासणीची वेळ घेतानाच सांगा, आणि तरीही गोळ्या बंद करायला सांगितल्या तर आधी कार्डिओलॉजिस्टना फोन करा.